उन्हाळा, नोकरी आणि सुती पातळ

भगिनींनो, मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, पण कचेरी काही बंद राहत नाही. बसमधून उतरून टेबलाशी बसेतो पाठ भिजलेली असते. पुष्कळ जणी म्हणतात, पॉलिएस्टर बरे. चुरगळत नाही, इस्त्री मागत नाही. खरे आहे. पण सुती कापड आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा हवेतूनच धरते, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. मग घामाने जावे कुठे?

राहता राहिली चुरगळण्याची तक्रार. इथे नक्षी कामाला येते. फिकट मलमलीवर जयपूरजवळच्या सांगानेरची बारीक ठशांची बुट्टी असली, की चुण्या अन् घामाचे डाग नजरेत भरत नाहीत. एकरंगी कापडावर दोन्ही उठून दिसतात. खळही बेताचीच द्या. कडक खळीने विणीतली छिद्रे बुजतात आणि वारा अडतो.

आणि साहेब मंडळींना एक विनंती. नीटनेटकेपणा म्हणजे कडक इस्त्री नव्हे. पहाटे उठून, घरच्यांचे डबे भरून वेळेवर हजर होणाऱ्या बाईच्या पदराच्या चुण्या मोजू नका. तिचे काम पाहा.