शेतातला लावा आणि परसातला बटेर

बाजरीची कापणी सुरू झाली, की विळ्याच्या पुढ्यातून एखादा लावा भुर्रकन उठतो आणि मागे सुपारीएवढी पिले राहतात. गावातले एखादे पोर ती टोपीत घालून घरी आणते, पाटीखाली झाकते, कण्या टाकते. दोन दिवस घरभर कौतुक होते आणि तिसऱ्या दिवशी पिले मरून पडतात. मग ते पोर शाळेत विचारते, "गुरुजी, कोंबडी पाळतात, तर लावा का नाही पाळत?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की शेतातला लावा पाळायचा नाही. पण त्याचाच एक भाऊबंद आहे, तो खुशाल पाळावा.

लावा काय, तितर काय, हे रानाचे पक्षी. पिढ्यान्‌पिढ्या त्यांना फासे लागले, जाळी लागली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना अभय मिळाले आहे. त्यांना पकडणे, मारणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी लावा शेतकऱ्याच्या कामाचाच. तणाचे बी, वाळवी, किडे हे त्याचे खाणे. तो आपल्या शेताचा बिनपगारी गडी आहे, त्याला तिथेच राहू द्यावे.

घरी पाळायचा तो जपानी बटेर. जपानात हा पक्षी पूर्वी आवाजासाठी पाळत; विसाव्या शतकात तो अंडी आणि मांसासाठी पाळू लागले. आपल्या देशात तो १९७४ साली अमेरिकेतून उत्तर प्रदेशातील इज्जतनगर येथे आणला गेला आणि तिथे त्याच्या सुधारलेल्या जाती तयार झाल्या. २०११ साली केंद्र शासनाने त्याच्या पालनाचे नवे परवाने थांबवले होते. पुढे दोन-तीन वर्षांत हा पाळीव पक्षी असल्याचे मान्य होऊन ती अडचण दूर झाली. तरीही पिले घ्यावीत ती उबवणी केंद्रातूनच आणि पावती जपून ठेवावी. कुणी लावा विकायला आणला, तर त्याला हात लावू नये.

आता पाळायचे कसे ते पाहू. बटेराचे अंडे दहा-बारा ग्रॅमचे, ठिपक्याठिपक्यांचे. ते सतरा-अठरा दिवसांत फुटते. मादी मात्र खुडूक बसत नाही. पाळीव होता होता ती उबवणे विसरली. म्हणून अंडी यंत्रात उबवावी लागतात. नवशिक्याने त्या भानगडीत न पडता पिलेच आणावीत, आणि तीही पंचवीस-तीसच.

पिलू सात-आठ ग्रॅमचे असते. पहिले दहा दिवस सांभाळले, की निम्मे काम झाले. पुठ्ठ्याचे हातभर उंचीचे गोल कुंपण करावे. कोपरा असला, की पिले तिथे एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. आत भाताचा तूस पसरून वर गोणपाट घालावे. नुसत्या वर्तमानपत्रावर पाय घसरून पिले लंगडी होतात. वर दिवा टांगावा. पहिल्या आठवड्यात पिलांच्या उंचीवर ३५ ते ३७ अंश सेल्सियस ऊब हवी. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करीत जावे. थर्मामीटर नसला, तर पिलेच सांगतात. दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवाट करू लागली, तर त्यांना थंडी वाजते आहे. दूर पळून चोच उघडी टाकून बसली, तर ऊब जास्त झाली. सगळीकडे सारखी पसरून निवांत दिसली, म्हणजे बरोबर जमले. वीज जाते तिथे कंदील तयार ठेवावा, मात्र धूर कोंडू देऊ नये.

पाण्याची गोष्ट मला महागात पडली. पहिल्यांदा पन्नास पिले आणली, तेव्हा घरातली पसरट थाळी भरून आत ठेवली आणि झोपलो. सकाळी पाहतो, तो नऊ पिले त्या बोटभर पाण्यात भिजून मेलेली. तेव्हापासून पाण्याच्या भांड्यात मी गोट्या किंवा धुतलेले खडे घालतो. पिलाची चोच बुडते, अंग बुडत नाही.

खाद्य बारीक दळलेले हवे. कोंबडीच्या पिलांच्या खाद्यापेक्षा त्यात प्रथिने अधिक लागतात, सुरुवातीला शंभरात पंचवीस भाग तरी. नेहमीच्या खाद्यात सोयाबीनची पेंड आणि सुकटीची पूड मिसळून ही उणीव भरून काढता येते. प्रमाण मात्र पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठरवावे. मोठा पक्षी दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅम खातो.

तिसऱ्या आठवड्यात नर-मादी ओळखू येतात. नराची छाती तांबूस, एकरंगी. मादीच्या छातीवर काळे ठिपके. दोन-तीन माद्यांमागे एक नर पुरे. एक चौरस फूट जागेत पाच-सहा पक्षी राहतात. पिंजऱ्याचे छत वीतभरच उंच असावे. बटेर दचकला, की सरळ वर उडी घेतो आणि उंच छतावर डोके आपटून घेतो. उंदीर, मांजर, मुंगूस यांच्यासाठी बारीक जाळी हवीच. कोंबड्यांजवळ बटेर ठेवू नयेत, एकाचे रोग दुसऱ्याला लागतात. पक्षी एकाएकी मरू लागले, तर ताबडतोब दवाखान्यात कळवावे.

सहा-सात आठवड्यांत मादी अंड्यावर येते. तिची अंडी बहुधा दुपार टळल्यावर मिळतात. दिवसाचा आणि दिव्याचा मिळून चौदा ते सोळा तास उजेड मिळाला, तर वर्षाला अडीचशेपर्यंत अंडी होतात.

हे ऐकून हुरूप येतो, म्हणून आता हिशेब सांगतो. वीस माद्या आणि सात नर पाळले. रोजची अंडी चौदा धरू. वजनाने ती कोंबडीच्या तीन अंड्यांबरोबर होतात. खाद्य मात्र साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास जाते. तेवढ्या खाद्यात कोंबड्या पाच-सहा अंडी देतात. म्हणजे कोंबडीच्या अंड्याच्या तोलाने बटेराचे अंडे विकले, तर घरातलेच पैसे जातात. जास्त भाव देणारे गिऱ्हाईक असेल, तरच हा धंदा. जवळच्या शहरातली खानावळ, हॉटेल, आठवड्याचा बाजार आधी फिरून पाहावा. पिले नंतर आणावीत. पिले विकणारा "सगळा माल आम्हीच परत घेऊ" म्हणाला, तर ते कागदावर लिहून मागावे. आणि हे अंडे औषध आहे, असे सांगून कुणाला विकू नये. ते चांगले सकस अन्न आहे, तेवढे पुरे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना शेवटी एक सुचवतो. अंडे उबवणीला ठेवल्यापासून त्यातल्या मादीने स्वतःचे अंडे घालीपर्यंत दोन-सव्वादोन महिने लागतात. एका सत्रात मुलांना अंड्यापासून अंड्यापर्यंतचा सारा फेरा डोळ्यांनी पाहता येतो. वजने करावीत, खाद्याचा जमाखर्च मुलांनीच लिहावा. फक्त कौतुक सरल्यावर पक्षी शेतात सोडून देऊ नयेत. परका पाळीव पक्षी रानच्या जातीत मिसळणे बरे नव्हे.

आणि पुढल्या कापणीला एखादे पोर टोपीत पिले घेऊन आले, तर त्याला रागावू नका. त्याच्याबरोबर शेतावर जा. जिथे सापडली तिथेच गवताच्या आडोशाला पिले ठेवा आणि दूर जाऊन उभे राहा. आई जवळपासच असते. तिला हाक मारू द्या.