येझदीची टाकी आणि झाकणाचं भोक

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे, फक्त पुन्हा पुन्हा आलेली वाक्यं काढली आहेत.)

घरच्या घरी गाडी बनवायची तर सुरुवात कुठून करायची, असं बरेच जण विचारतात. मला विचाराल तर इंजिनाकडं आधी वळूच नका. इंजिन बनवणाऱ्यांनी ते नीट बनवलेलं असतं. आज मी फक्त पेट्रोलच्या टाकीबद्दल बोलणार आहे. दिसायला ती डबाच असते. मला त्या डब्यानं आठ महिने नाचवलं आणि आण्णांशी तीन आठवडे अबोला घडवला, म्हणून बोलतोय.

गाडी आण्णांची. येझदी रोडकिंग, २५० सीसी, टू-स्ट्रोक. एक सिलिंडर आणि दोन सायलेन्सर. जिची किक तीच गिअरचा दांडा, त्यामुळं नवखा माणूस पहिल्यांदा बसला की गोंधळतोच. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तेव्हापासून सुटे भाग जुन्या बाजारात शोधायचे किंवा करून घ्यायचे. आमच्या गाडीची टाकी खालून गंजून चाळण झाली होती. मी म्हटलं, करूनच घेऊ. करून कशाला, करूच. घरामागं परड्यात दहा बाय बाराची पत्र्याची शेड आहे. तिथं एक व्हाइस, एक ग्राइंडर, आर्कचं छोटं मशीन आणि हातोड्या. मी कोल्हापूरचा, तेव्हा अडलं तर शिवाजी उद्यमनगर हाकेवर. तिथं एक जुने गॅस वेल्डर आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही मामाच म्हणतो.

पहिली चूक पहिल्याच दिवशी. जुन्या टाकीचं तोंड आणि खालची कॉकची आट्याची बुश चांगली होती, ती कापून नव्या टाकीला लावायची असा बेत. टाकी रिकामी केली, तोंड उघडं ठेवून चार दिवस उन्हात ठेवली. वास गेला असं वाटलं. ग्राइंडर लावला. दुसऱ्या मिनिटाला आतून ‘धप्प’ असा आवाज आला आणि तोंडातून हातभर ज्वाळ. उजव्या हातावरचे केस आणि एक भुवई गेली. नशीब की डोळ्याला चष्मा होता आणि तोंड उघडं होतं. टाकी बंद असती तर आज हा भाग तुम्ही ऐकत नसता.

हे कसं झालं ते नीट ऐका, कारण माझ्यासारखे बरेच आहेत. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तेव्हाच पेटते. भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. रिकामीत नेमकं ते मिश्रण तयार होतं. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड, म्हणजे तोंड वर करून ठेवलेल्या टाकीतून ती वर जाऊन निघून जात नाही, तळाशी बसून राहते. टू-स्ट्रोकच्या टाकीत तर ऑइलचा चिकट थर आतून बसलेला असतो, तो ग्राइंडरनं तापला की परत वाफ सोडतो. मामांनी नंतर मला त्यांची पद्धत दाखवली: कढत पाणी आणि धुण्याचा सोडा घालून दोन-तीनदा खळखळून धुवायची, मग जिथं कापायचं त्याच्या बोटभर खालपर्यंत पाणी भरून ठेवायचं. वाफेला जागाच ठेवायची नाही. एवढंच. मामा म्हणाले, “पेट्रोल संपतंय रे, वाफ संपत नाही.”

आण्णा आवाज ऐकून आले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी माझा हात उलटसुलट करून बघितला, शेडला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. तीन आठवडे. जेवायला एका पंगतीत, पण गाडीचा विषय नाही. मग एका रविवारी किल्ली माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि दोन अटी घातल्या. एक, आगीचं काम एकट्यानं करायचं नाही. दुसरी, फ्रेमला ग्राइंडर लावायचा नाही. “टाकी गेली तर टाकी जाईल. फ्रेम कापलीस तर माझी गाडी गेली.”

मला ते भावनेतलं वाटलं. नंतर वाचलं तर ते कायद्यातलंही निघालं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, आरसी बुकातला तपशील कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं. मी मागची फ्रेम कापून एकट्याचं सीट करणार होतो, इंटरनेटवरच्या परदेशी गाड्यांसारखं. आरसीवर बसायची क्षमता दोन. एक केली की झाली विसंगती. आणि पंधरा वर्षं उलटलेली गाडी पासिंगला न्यावी लागते, तिथं चॅसी नंबर बघणारा माणूस कापलेली फ्रेम काय सोडणार? म्हणून सीट दोघांचंच राहिलं. रंगही जुनाच ठेवला.

बरं, नवी टाकी. आधी पुठ्ठ्याची केली, चिकटपट्ट्या लावून गाडीवर बसवली, आठवडाभर येता-जाता बघितली. मग सहा मिलिमीटरच्या सळईचा सांगाडा. पत्रा घेतला १८ गेजचा सीआरसी, म्हणजे सव्वा मिलिमीटरला किंचित कमी. वाळूनं भरलेली कातडी पिशवी आणि लाकडी मोगरी. पत्रा वाळूवर ठोकला की मध्ये ताणून खोलगट होतो आणि कडेला चुण्या पडतात. खरी कला त्या चुण्या गोळा करण्यात आहे; ती मला आजही धड येत नाही. डावी बाजू चौथ्या प्रयत्नात जमली, उजवी सहाव्या. समोरून बघितलं तर दोन्ही बाजू सारख्या नाहीत. लोकांना कळत नाही, मला रोज कळतं.

जोड मामांकडं मारले, गॅसनं. बोटाबोटाच्या अंतरावर टाके, एक इकडं एक तिकडं, म्हणजे उष्णता एका जागी साचून पत्रा वाकत नाही. अकरा लिटर पाणी मावलं. मी खूश.

आता गळती बघायची. कॉकच्या जागी ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला, तोंड बंद केलं, साबणाचं पाणी लावलं आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून हवा भरली. थोडीच. काट्यावर १५ पौंड. टायरला तेवढी म्हणजे काहीच नाही! टाकी ‘टण्ण’ वाजली आणि माझ्या डोळ्यांदेखत भोपळ्यासारखी फुगली. दोन महिन्यांचं काम.

हिशोब आधी करायला हवा होता. १५ पौंड म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. टाकीची एक बाजू तीस बाय वीस सेंटिमीटर धरा, सहाशे चौरस सेंटिमीटर झाले. म्हणजे त्या पत्र्यावर आतून सहाशे किलो रेटा. टायर गोल असतो, आत दोरे असतात, तो हे सोसतो. सपाट पत्रा कसा सोसेल? टाकीला त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी हवा पुष्कळ झाली. पण तेवढं कमी मोजणारा काटा पंक्चरवाल्याकडं नसतो. त्यावर मामांनी तोड काढली: गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी. तिला उभा वळसा देऊन पाणी भरायचं, एक टोक टाकीला, दुसरं उघडं. पाण्यात एक मीटरचा फरक पडला की चौरस सेंटिमीटरला शंभर ग्रॅम. सायकलच्या पंपानं हळूहळू भरायचं, पाणी बघत. दुसरी टाकी अशी तपासली. तीन ठिकाणी बुडबुडे आले, तिन्ही टाके परत मारले.

फुगलेली टाकी मी फेकली नाही, शेडमध्ये फळीवर ठेवली. ही कल्पना माझी नाही. न्यूझीलंडमध्ये इनव्हरकार्गिल गावात बर्ट मनरो नावाचे एक गृहस्थ होते. १९२० सालची इंडियन स्काउट त्यांनी आयुष्यभर घरच्या शेडमध्ये घडवली. पिस्टन घरी ओतले, कनेक्टिंग रॉड हातानं घासून केले. मूळची ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास पळणारी ती गाडी १९६७ मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर जवळजवळ २९५ च्या वेगानं धावली. तेव्हा त्यांचं वय ६८. त्यांच्या शेडमध्ये फुटक्या पिस्टनांची आणि तुटक्या रॉडांची एक फळी होती, वेगाच्या देवाला वाहिलेली म्हणून. सिनेमा पाहून लोक वेगाची गोष्ट सांगतात. मला ती फळी आवडते. माझ्या फळीवर सध्या एक भोपळा आणि एक झाकण आहे.

झाकणाचं सांगतो आणि थांबतो. जुनं झाकण शोभत नव्हतं म्हणून पितळेचं नवं लेथवर करून घेतलं. आत रबराची वॉशर, घट्ट, सुरेख. गाडी सुरू केली आणि आण्णांना मागं बसवून पन्हाळ्याला निघालो. पंचगंगेचा पूल ओलांडून थोडं पुढं गेलो तर गाडी बंद. प्लग काढला, ठीक. पेट्रोल आहे का म्हणून झाकण उघडून बघितलं, अर्धी टाकी. लावलं झाकण, मारली किक, चालू. चार-पाच किलोमीटरनं, केर्लीच्या अलीकडं, परत बंद. मी पॉइंट बघायला पाना काढला. आण्णा उतरले, झाकणाला कान लावला आणि हळूच फिरवलं. ‘सूं’ करून हवा आत गेली.

“ह्याला भोक पाडलंस का?”

नव्हतं पाडलं. पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यायला हवी, नाहीतर आत पोकळी होऊन पेट्रोल उतरायचंच थांबतं. जुन्या बेढब झाकणात ते सुईएवढं भोक होतं, मी त्याकडं कधी बघितलंच नव्हतं. आण्णांनी झाकण अर्धा आटा सैल ठेवलं, वर रुमाल गुंडाळला आणि म्हणाले, “सर मागं. घाटात मी चालवतो.”