‘दास’ या शब्दाच्या आड

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबादहून आलेल्या माझ्या मराठी ख्रिस्ती बंधुभगिनींनो, आणि आमच्या मंडळीचे नसूनही आज आमच्यात येऊन बसलेल्या मित्रांनो,

अशा मेळाव्यांत रेव्हरंड टिळकांच्या अभंगांचा, लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’चा, बाबा पदमनजींच्या १८५७ सालच्या ‘यमुनापर्यटना’चा गौरव होतो. तो व्हायलाच हवा. पण आज मी गौरव करायला उभी नाही. आपल्या भाषेतल्या एका शब्दाविरुद्ध फिर्याद घेऊन आले आहे. तो शब्द ‘दास’.

नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी रविवारच्या शाळेत पौलाचे फिलेमोनाला लिहिलेले पत्र शिकवत होते. मी विचारले, ‘गुरुजी, अनेसिम दास होता म्हणजे कोण होता?’ गुरुजी प्रेमळ माणूस. म्हणाले, ‘अगं, समर्थ रामदास, तसा दास. सेवक.’ मी कितीतरी वर्षे अनेसिमाला हातात जपमाळ घेतलेला पाहत आले. तो विकत घेता येणारा, विकता येणारा, पळाला तर धरून आणता येणारा माणूस होता, हे कळायला मला पंचवीस वर्षे लागली.

दोष गुरुजींचा नाही. मराठीत ‘दास’ हा मानाचा शब्द आहे. संतांनी तो पदवीसारखा मिरवला. पौलही स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवतो आणि तिथे तो शब्द शोभतो. पण तोच पौल धन्याच्या घरातल्या माणसांना आज्ञेत राहा म्हणतो, तेव्हा मूळ ग्रीकमधली बेडी आपल्या रूढ भाषांतरात वाजतच नाही. भाषांतरकारांच्या मनात काय होते, यावर मी बोलत नाही. परिणामावर बोलते. ख्रिस्ती धर्म गुलामगिरीबद्दल काय म्हणतो, हा प्रश्न आपल्या मंडळीत कधी उभाच राहिला नाही, कारण आपल्या पवित्र शास्त्रात गुलाम दिसलाच नाही. तिथे सगळे भक्त होते.

याच मातीत एक माणूस असा झाला की ज्याने हा पडदा ओढला नाही. मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली पुस्तक लिहिले, त्याला ‘दास्य’ असे सोज्वळ नाव दिले नाही. ‘गुलामगिरी’ म्हटले, आणि ते अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले. फुल्यांना जे नाव घेता आले, ते दीडशे वर्षांत आपल्या पुलपिटाला घेता आले नाही. ही आपली लाज आहे.

आता कोणी म्हणेल, ‘बाई, गुलामगिरी तर ख्रिस्ती लोकांनीच संपवली. विल्बरफोर्स होता ना!’ होता. आणखी एक होता, तो आपला अधिक जवळचा. १८०५ साली मराठीचे व्याकरण छापणारा आणि नवा करार मराठीत आणणारा विल्यम केरी. १७९२ च्या आपल्या पुस्तिकेत त्याने गुलामांच्या कष्टांतून आलेली साखर सोडणाऱ्या कुटुंबांची बाजू घेतली. चहात साखर नको, कारण ती माणसे राबवून आली आहे, असे म्हणणारा धर्म मला माझा वाटतो. पण त्याच्या पुण्याईवर आपण किती दिवस जेवणार? जमाखर्च मांडायचा तर खर्चाचे पानही उघडावे लागेल.

ते पान गोव्यापासून सुरू होते. १४५२ आणि १४५५ साली पोप निकोलस पाचवा याने पोर्तुगालच्या राजाला सनदा दिल्या. ख्रिस्ती नसलेल्यांना कायमचे गुलाम करण्याची मुभा त्यांत होती. १५३७ साली पोप पॉल तिसरा याने अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना गुलाम करू नका असे बजावले. पण पोर्तुगीजांच्या गोव्यातल्या बाजाराने त्यातून धडा घेतला नाही. हे कोणा शत्रूने लिहिलेले नाही. १५८० च्या दशकात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी चिटणीस असलेल्या लिन्सखोटेन या डच तरुणाने तिथल्या मुख्य रस्त्यावर माणसे लिलावात विकली जात, हे लिहून ठेवले आहे. फादर स्टीफन्स तेव्हा गोव्यातच होते. १६१६ साली छापलेले त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ आपण डोक्यावर घेतो, मीही घेते. ज्या गोव्यात मराठीची इतकी सुंदर स्तुती लिहिली गेली, त्याच गोव्यात माणसाला किंमतीची चिठ्ठी लागत होती. दोन्ही गोष्टी एकाच श्वासात सांगायला आपण शिकले पाहिजे.

प्रोटेस्टंट बंधूंनो, तो कॅथलिकांचा इतिहास म्हणून निवांत बसू नका. ज्या अमेरिकन बोर्डाने मुंबईत आणि अहमदनगरला आपल्या आज्यापणज्यांना अक्षर दिले, ‘ज्ञानोदय’ काढला, त्याच बोर्डाच्या अमेरिकेतल्या चेरोकी आणि चोक्टॉ मंडळ्यांत गुलामांचे मालक सभासद होते. १८४५ साली बोर्डापुढे प्रश्न आला, यांना मंडळीबाहेर काढायचे का? गुलामगिरी वाईट आहे असे म्हणून बोर्डाने मालकांना आत राहू दिले. संतापलेल्यांनी पुढच्याच वर्षी निराळी मिशनरी संस्था काढली. नगरला महार-मांगांसोबत एका पंक्तीत प्रभुभोजन घ्या म्हणणाऱ्या संस्थेचे तिकडे असे चालले होते. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी जे बायबल छापले, त्यातून इस्राएल लोकांच्या मिसरमधल्या सुटकेची कथा गाळून टाकली होती. ज्याला बेड्या घालायच्या, त्याला मोशे कळू द्यायचा नव्हता.

आणि आपली दिल्ली? १८५४ साली इथे काम सुरू करणारी, कश्मीरी गेटच्या सेंट जेम्स चर्चच्या परिसरात वावरलेली, पुढे सेंट स्टीफन्स कॉलेजच्या उभारणीत केंब्रिज मिशनच्या पाठीशी असलेली एस. पी. जी. ही इंग्लंडच्या चर्चची मिशनरी संस्था नगर जिल्ह्यातही होती. १७१० साली वारलेल्या एका मळेवाल्याच्या मृत्युपत्राने तिला बार्बाडोस बेटावर उसाचे मळे मिळाले. ते कॉड्रिंग्टनचे मळे. त्यांसोबत माणसेही मिळाली. सुरुवातीच्या काळात त्या माणसांच्या छातीवर तापल्या लोखंडाने एक शब्द डागला जाई. तो शब्द होता ‘सोसायटी’. १८३३ च्या कायद्याने गुलाम सुटले, तेव्हा भरपाई मिळाली संस्थेला, आठ हजार आठशे पौंडांवर. गुलामांना छदामही नाही. त्याच कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. हिंदुस्थानात गुलामीचा कायदेशीर आधार १८४३ साली गेला.

इंग्लंडच्या चर्चने २००६ साली या पापाची माफी मागितली. २०२३ साली त्या संस्थेच्या वारसदारांनी बार्बाडोससाठी सत्तर लाख पौंडांचे काम जाहीर केले. त्याच वर्षी व्हॅटिकनने त्या जुन्या सनदांच्या आधारे उभे राहिलेले तत्त्व नाकारले. उशिरा का होईना, त्यांनी स्वतःच्या पापाला नाव दिले. आपण कशाला नाव दिले?

जे बाहेरचे मित्र हे ऐकून मनात सुखावत असतील, त्यांनाही सांगते. पेशवाईत कुणबिणी, म्हणजे गुलाम बायका, विकल्या जात, सरकारी कोठ्यांत ठेवल्या जात. आमचे पाप मी तुमच्यासमोर उघडते, ते तुमचे झाकायला नव्हे.

आता घरचे बोलू. दर वर्षी आपले लोक जंतरमंतरवर बसतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची सवलत हिंदूंपुरती ठेवली. १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध आले, दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. त्यांनाही ती सवलत मिळावी, ही मागणी न्याय्य आहे, मी तिच्या बाजूने शेवटपर्यंत उभी राहीन. पण तिचा युक्तिवाद नीट ऐका. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुतली जात नाही, असे आपण सरकारला सांगतो. मग कोणी धुवायची होती? ही साक्ष सर्वांत आधी आपल्याच मंडळीविरुद्ध जाते. याच दिल्लीत मुख्यालय असलेल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली चर्चमध्ये अस्पृश्यता आणि भेदभाव आहे, हे लेखी कबूल केले. मराठी मंडळ्यांनी काय लिहून दिले? आपल्याकडे सोयरीक जुळवताना मुलाचा पगार विचारण्याआधी हलक्या आवाजात विचारतात, ‘पूर्वीचे कोण?’ हे वाक्य ज्याने उच्चारले नाही, त्याने हात वर करावा. मी स्वतः ते उच्चारले आहे, माझ्या भावाच्या लग्नात. मला त्याची लाज वाटते.

आणि शेवटचे. तुमच्या-माझ्या इमारतीच्या फाटकावर सकाळी सात वाजता पोरी रांगेत उभ्या असतात. झारखंडच्या गुमला, सिमडेगा, खुंटीहून आलेल्या, उरांव, मुंडा, खडिया जमातींच्या. त्यांतल्या कितीतरी आपल्याच विश्वासाच्या. गळ्यात पट्टा, त्यावर फोटो, आणि वर छापलेला शब्द, ‘सोसायटी’. त्यांची लिफ्ट वेगळी. मी कार्ड आणि डाग यांची बरोबरी करत नाही. तसे करणे त्या मळ्यांत मेलेल्यांचा अपमान होईल. पण तो शब्द वाचून ज्या ख्रिस्ती माणसाच्या पोटात कालवत नाही, त्याने कॉड्रिंग्टनबद्दल मोठ्याने बोलू नये. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा. फरिदाबादच्या दगडखाणींतल्या वेठबिगारांसाठी सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली निकाल दिला. खाणीपर्यंत कायदा पोचला. आपल्या स्वयंपाकघराचे दार आपणच उघडायचे आहे.

म्हणून या मेळाव्याकडे माझ्या तीन मागण्या आहेत. पुलपिटावरून पौलाची ती वचने वाचताना ‘दास’ या शब्दाचा अर्थ ‘गुलाम’ असा स्पष्ट सांगा. रविवारच्या शाळेत केरीच्या साखरेसोबत गोव्याचा लिलाव आणि बार्बाडोसचा डागही शिकवा. मुले घाबरणार नाहीत, प्रश्न विचारतील, आणि यावेळी त्यांना खरे उत्तर मिळेल. तिसरी मागणी तुमच्या घरापुरती आहे. शब्बाथाच्या आज्ञेत देवाने विसावा कोणाकोणाला दिला, ते उघडून वाचा. मुलगा, मुलगी, आणि लगेच पुढे दास आणि दासी. सुट्टीच्या यादीत देवाने त्यांची नावे स्वतः घातली आहेत.

रविवारी आपण चांगले कपडे घालून प्रार्थनेला निघतो, तेव्हा ती पोरगी आपली भांडी घासत असते. येत्या रविवारी घासणार नाही, एवढे ठरवून इथून उठा. पगार न कापता.