आपली वंशावळ : आधी काय लिहून ठेवले आहे ते पाहू या

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



सिनेगॉगच्या वर्धापनदिनी चार शब्द बोलावेत असा कमिटीचा आग्रह झाला. भाषणाची आम्हांला सवय नाही. आम्ही दोघी नणंद-भावजय. आज बोलणारी भावजय जन्मभर वॉर्डात राबलेली नर्स, मुंबईत डिप्लोमा घेऊन इथे आलेली. नणंदबाई पुढच्या रांगेत बसल्या आहेत, त्या आमच्या चुका धरण्यासाठी! तेव्हा जे स्वतः केले आणि त्यात जे चुकले, तेवढेच सांगतो.

सुरुवात नातीमुळे झाली. बात मित्स्वाच्या वयाला इथल्या शाळांत मुलांना 'शोराशिम'चे, म्हणजे घराण्याची मुळे शोधण्याचे काम देतात. तिने विचारले, "सफ्ता, आपण अष्टमकर का?" रोह्याजवळच्या अष्टमी गावावरून, एवढे सांगता आले. "मग गाव सोडून मुंबईला पहिले कोण आले?" या प्रश्नाला आम्ही दोघीही गप्प.

मग वही घेतली. लोद, दिमोना, बिरशेबा, ठाणे, मुंबई, जिथे म्हणून नातेवाईक आहेत तिथे फोन केले. दीड वर्ष गेले. आणि एका लग्नात जेवताना कळले की मामंजींच्या चुलतभावाने १९७०च्या सुमारास सगळी वंशावळ टाईप करून ठेवली होती. ती प्रत आमच्या घरापासून दोन बस-स्टॉपवर, एका कपाटात साड्यांखाली पडून होती. आम्ही कोणाला विचारलेच नव्हते की, हे काम आधी कोणी केले आहे का?

नर्स ड्यूटीवर आली की आधी मागच्या पाळीच्या सिस्टरकडून चार्ज घेते, रिपोर्ट वाचते, मग पेशंटला हात लावते. चाळीस वर्षे हे केले आणि घरच्या कामात विसरलो.

म्हणून पहिले सांगणे हे, की आपल्या समाजाबद्दल पुष्कळ काही आधीच गोळा झालेले आहे. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत १८९७ साली लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ साली, आणि तोही इथेच, तेल अवीवला! चाळीस वर्षे ते लिखाण तसेच पडून होते, आमच्या साड्यांखालच्या कागदांसारखेच म्हणा. कुलाबा जिल्ह्यातली आपली गावे, त्यांवरून पडलेली आडनावे, झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर ही काजींची घराणी, पलटणीत नाव काढलेली माणसे, असे कितीतरी त्यात सापडते. त्यानंतर बेंजामिन जे. इस्राएल यांचे १९८४चे अभ्यासलेख, आणि शर्ली बेरी आयझेनबर्ग यांचा १९८८चा जाडजूड ग्रंथ. आयझेनबर्गबाईंचे पुस्तक उघडाल तेव्हा शेवटच्या टिपा आणि ग्रंथांची यादी आधी वाचा. पुढे कुठे शोधायचे ते तिथे कळते.

याशिवाय सिनेगॉगांच्या स्मरणिका. आपण त्या फोटो पाहून ठेवून देतो. पण त्यांत मुकादम, गबाई, हजान यांची नावे सालवार असतात, देणगीदारांच्या याद्या असतात, 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असे असते. 'मायबोली'चे जुने अंकही रद्दीत घालू नका. जेरुसलेमला राष्ट्रीय ग्रंथालय आहे, त्यातच ज्यू लोकांच्या इतिहासाचे मध्यवर्ती दफ्तर आहे. तेल अवीवच्या म्युझियममध्ये, पूर्वीच्या बेत हातफुत्सोतमध्ये, लोकांनी दिलेल्या वंशावळी कॉम्प्युटरवर ठेवतात. नातवंडांना शेजारी बसवा, ती पाच मिनिटांत शोधून देतात. आडनाव मात्र चार तऱ्हांनी लिहून पाहा. हिब्रूत आपला 'ट' टिकत नाही, आणि कित्येकांनी इथे आल्यावर आडनाव सोडून बापाचेच नाव लावले आहे.

जुन्या नावांचेही तसेच. मुंबईची जुनी मशीद, म्हणजे शाआर हाराहामीम सिनेगॉग, १७९६ साली बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर कोठे सॅम्युएल एझिकेल दिवेकर म्हणून भेटतात. माणूस एकच. नवख्याला वाटेल दोन भाऊ असावेत!

आता दुसरी गोष्ट. रिपोर्ट वाचायचा, पण पेशंटला रक्त चढवण्याआधी बाटलीवरचा ग्रुप आपल्या डोळ्यांनी पाहायचाच. टाईप केलेल्या त्या वंशावळीत मामंजींच्या आजीचा जन्म १८८९ लिहिला होता, आणि तिच्या थोरल्या मुलाचा १८९७! बाळंतपणाच्या वॉर्डात काढलेल्या बाईच्या नजरेतून हे कसे सुटेल? आठव्या वर्षी कोणी आई होत नाही. नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, टाईप करताना चुकले असेल." आम्हांलाही तसे वाटले. पण घरातल्या जुन्या तफिल्ल्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर हश्काबासाठी लिहिलेली नावे होती. बोटाने एकेक वाचत गेलो. त्यांत एक बाईचे नाव असे होते, की जे वंशावळीत कुठेच नाही. खाली पेन्सिलीने लिहिले होते, 'मोठ्याची आई'.

ती पहिली बायको. मूल मागे ठेवून गेली, दुसरी आली, आणि पुढच्यांनी कागद करताना सगळी मुले दुसरीच्या नावावर घातली. वाईट हेतूने नव्हे. दुसरीनेच त्या पोराला वाढवले असणार. पण आम्ही सगळे त्या थोरल्या मुलाचे वंशज. म्हणजे आमची खरी पणजी शंभर वर्षे कागदावर नव्हतीच.

आईकडची बाजू आपल्या लोकांना किती महाग पडली आहे ते इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. १९६२ साली मुख्य रब्बींच्या कचेरीने बेने इस्राएल वधूवरांच्या आई-आजीच्या वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. लोकांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने आपल्या बाजूने ठराव केला. तेव्हा आजीची आजी कोण, हे विचारले गेले आणि पुष्कळांना सांगता आले नाही. पुस्तकांत सुभेदार आहेत, मुकादम आहेत. त्यांच्या बायका फार थोड्या. आपल्या आयाबायांचे माहेर कुठल्याच तयार यादीत मिळायचे नाही. ते केतुबात मिळते, कबरीच्या दगडावर मिळते, तफिल्ल्याच्या पाठच्या पानावर मिळते, आणि आज समोर बसलेल्या नव्वदीच्या मावशींकडे मिळते. तेव्हा छापलेले आधी वाचा, आणि मग जे त्यात नाही ते मावशींना विचारायला जा. उशीर करू नका.

आमच्या त्या पणजीचे नाव आणि तिच्या बापाचे नाव मिळाले, कारण हश्काबात 'अमुक बत अमुक' असे लिहितात. माहेरचे आडनाव अजून मिळालेले नाही. ते पान झेरॉक्स करून आणले आहे, चहाच्या टेबलापाशी ठेवले आहे. तुमच्या घरच्या हश्काबात तिच्या बापाचे नाव असेल, १८९७ नंतर लवकरच वारलेल्या एखाद्या लेकीची कोणाला आठवण असेल, तर जाण्यापूर्वी आम्हां दोघींना कृपया भेटावे.