काय ठेवावे, काय सोडावे

घरातील माळा कितीही मोठा असला, तरी एक दिवस तो भरतोच. संगणकावर विद्युत्‌मंडलांची, म्हणजे सर्किटांची, परीक्षा घेणाऱ्या अभियंत्यांनाही हा अनुभव चुकत नाही. एकही तार न जोडता मंडल कसे वागेल, याचे गणित संगणकाकडून करवून घ्यावयाचे, अशी ही विद्या आहे. तिच्यातील सर्वांत प्रसिद्ध आज्ञावली ‘स्पाइस’ ही अमेरिकेतील बर्कले येथे लॉरेन्स नेगल यांनी प्राध्यापक डोनल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली रचली. १९७३ साली ती जगापुढे आली.

त्या काळी संगणकाची स्मृती फार तोकडी होती. हजार सांध्यांच्या मंडलाची समीकरणे चौकटीत मांडली, तर दहा लक्ष घरे होतात. परंतु प्रत्येक सांधा चारदोन शेजाऱ्यांशीच जोडलेला असल्यामुळे बहुतेक घरांत शून्यच असते. ज्या गिऱ्हाइकाशी आज देवघेव झाली नाही, त्याचे नाव दुकानदार रोजमेळात लिहीत नाही. स्पाइसनेही तीच रीत पत्करली आणि शून्ये साठवलीच नाहीत. १९७५ च्या दुसऱ्या आवृत्तीत मंडलाच्या आकारमानाप्रमाणे स्मृती मागून घेण्याची सोयही झाली.

आज स्मृती विपुल आहे. पण हव्यासही तितकाच वाढला आहे. सेकंदाला एक लक्ष वेळा उघडझाप करणारे एखादे वीजपुरवठ्याचे मंडल घ्यावे. त्याच्या एकदशांश सेकंदात दहा हजार आवर्तने होतात. प्रत्येक आवर्तनात शंभर क्षण टिपले, तर दहा लक्ष क्षण झाले. दर क्षणी दोनशे राशी आणि प्रत्येक राशीस आठ बाइट धरले, म्हणजे १६० कोटी बाइट! काही आज्ञावल्या हा पसारा काम संपेपर्यंत स्मृतीत धरून ठेवतात, तर काही तो डिस्कवर उतरवीत जातात. रात्रभर चाललेले गणित पहाटे जागेअभावी थांबते आणि सारा खटाटोप व्यर्थ जातो.

यावर उपाय साधे आहेत. दोनशेऐवजी हव्या त्या पाचच राशी जतन कराव्यात. चार कोटी बाइटांत काम भागते. मंडल स्थिरावल्यावरचा शेवटचा दशांश काळच ठेवला, तर चाळीस लक्ष पुरतात.

परंतु येथे सावधगिरी हवी. जागा वाचविण्यासाठी नोंदी विरळ कराव्यात, गणिताची पावले मात्र लांबवू नयेत. पावले लांबली, की उत्तरच चुकते. शिवाय मंडल चालू होताना प्रवाहाचा जो पहिला लोंढा उसळतो, त्यानेच कधी कधी ट्रान्झिस्टर जळतो. तो आरंभकाळ अडगळ समजून टाकून दिला, तर दोषाचा पुरावाच नाहीसा होतो आणि गणित पुन्हा मुळापासून करावे लागते.

म्हणून यंत्र सुरू करण्यापूर्वीच आपला प्रश्न कोणता, हे अभियंत्याने कागदावर लिहावे. प्रश्न स्पष्ट असला, म्हणजे काय ठेवावे आणि काय सोडावे, हे आपोआप उमगते. प्रश्नच धूसर असेल, तर मोठ्यात मोठी डिस्कही अपुरीच पडते.