कुठून कुठे?

मार्च २०२० मध्ये आपल्या ठाणे-डोंबिवली-कल्याणच्या छोट्या घरांत ऑफिस शिरलं, ते अनेक घरांतून अजून पुरतं बाहेर पडलेलं नाही. ऐरोलीच्या कंपनीचा लॅपटॉप आणि मुलांचा कॉम्प्युटर एकाच टेबलावर असतात. दोन मॉनिटर ठेवायला जागा नाही, आणि त्याची गरजही नाही. एकच मॉनिटर दोघांना पुरतो. फक्त तो जोडायचा कसा, हे कळायला हवं.

दुकानात जाण्याआधी मॉनिटरची पाठ बघा. बहुतेक मॉनिटरना दोन तरी इनपुट असतात. एकात लॅपटॉप लावा, दुसऱ्यात कॉम्प्युटर, आणि मॉनिटरच्याच बटणाने इनपुट बदला. झालं काम. कीबोर्ड-माउसही दोघांत एकच हवा असेल, तर केव्हीएम स्विच घ्या. एचडीएमआय स्प्लिटर मात्र आणू नका. तो एका संगणकाचं चित्र दोन पडद्यांवर नेतो. आपल्याला नेमकं उलटं हवं आहे.

आता खाचा ओळखू. एचडीएमआयचे खालचे दोन्ही कोपरे निमुळते असतात, डिस्प्लेपोर्टचा एकच कोपरा कापलेला असतो. डिस्प्लेपोर्टच्या पुष्कळ केबलींच्या टोकाला एक कळ असते. ती दाबल्याशिवाय केबल ओढू नका.

आमच्या लॅपटॉपला एचडीएमआय होतं आणि मॉनिटरचा रिकामा इनपुट डिस्प्लेपोर्टचा. दोन्ही टोकं जुळतात म्हणून मी एक केबल आणली. पडदा काळाच राहिला. केबलमध्ये दोष नव्हता. ती डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारी होती. कल्याणकडे निघालेल्या लोकलमध्ये बसून सीएसएमटी येत नाही. डिस्प्लेपोर्ट असलेल्या बहुतेक संगणकांना एचडीएमआयचा सिग्नलही देता येतो, म्हणून त्या दिशेला साधा अॅडॅप्टर चालतो. उलट दिशेला सिग्नलचं रूपांतर करणारी चिप लागते, आणि तिला बहुधा यूएसबीतून वीज द्यावी लागते.

टाइप-सीचं तोंड सगळीकडे सारखं, पण प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडत नाही. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात 'डिस्प्लेपोर्ट' किंवा 'थंडरबोल्ट' हे शब्द शोधा. फोनच्या चार्जरसोबत आलेली केबलही बहुधा या कामाची नसते.

मॉनिटर फोर-के असेल तर वेगही बघा. एचडीएमआय १.४ वर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं, म्हणजे ३० हर्ट्झ. २०१३ साली आलेल्या २.० वर ६० वेळा. तिसावर माउसचा बाण अडखळत सरकतो आणि दिवसभर ते बघून डोळे शिणतात. संगणक, अॅडॅप्टर, केबल आणि मॉनिटर यांत जो सर्वांत मंद, त्याच्याच वेगाने चित्र चालतं. साध्या फुल एचडी मॉनिटरसाठी मात्र महागडी केबल घेण्यात अर्थ नाही.

डोंबिवलीहून लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारात जायचं तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठावं लागतं. चुकीची वस्तू आली की तो फेरा पुन्हा. म्हणून निघताना चिठ्ठीवर डावीकडे संगणकाचा पोर्ट लिहा, उजवीकडे मॉनिटरचा रिकामा इनपुट, मधे बाण काढा आणि खाली रिझोल्यूशन व हर्ट्झ. दुकानदाराला "एक केबल द्या" म्हणू नका, ती चिठ्ठी दाखवा. मग संध्याकाळी आईची मीटिंग संपेल, एक बटण दाबलं जाईल, आणि त्याच पडद्यावर मुलीचा अभ्यास सुरू होईल.