पाण्यावरचा आवाज आणि रात्रीचे दहा

केळव्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनाला लागूनच वस्ती आहे. दिवसा सहलीच्या बोटींचा, जेटस्कीचा गलबला पर्यटनाचा भाग म्हणून खपतो. रात्री मात्र तोच आवाज घरात शिरतो. कारण साधं आहे. पाण्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार असली, की ध्वनिलहरी वर न जाता खाली वळतात आणि दूरवर ऐकू येतात.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. निवासी भागात या वेळेत मर्यादा ४५ डेसिबल, दिवसा ५५. ही मर्यादा १० डेसिबलने किंवा अधिक ओलांडली गेली, किंवा रात्रीचे निर्बंध मोडले, तर कोणीही तक्रार करू शकतो. मोजणी यंत्राची, कानाची नव्हे. हे बोटवाल्यांच्याही हिताचंच. बोटींचे परवाने महाराष्ट्र सागरी मंडळाकडे असतात. आमच्या मते, परवाना देतानाच रात्रीची अट घातली पाहिजे. मासेमारीच्या होड्यांची गोष्ट वेगळी; ती रोजीरोटी आहे, मौज नव्हे.

रात्री त्रास झाला, तर ११२ क्रमांकावर फोन करा. वेळ आणि ठिकाण अवश्य सांगा.